सर तसं म्हणाले नव्हते

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कॉलनीत थांबासरांचा विषय निघाला की मला हटकून काहीतरी काम आठवतं. नळ बंद करायचा राहिलेला असतो, नाहीतर औषधाची वेळ झालेली असते. परवा समोरच्या घरात नवे भाडेकरू आले. सामान उतरत असताना कोणीतरी त्यांना माहिती पुरवत होतं, "इथं आधी एक मिशनरी राहायचा. गणित शिकवायचं नाव, और अंदर से धरमबदली का काम. या मुळेजींना तर पार गुंडाळलं होतं त्यानं. विचारा त्यांना." मुळेजी म्हणजे मी. त्या घरातल्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी हसलो आणि आत आलो. आत येऊन खुर्चीवर बसलो तेव्हा मला त्या हसण्याची शिसारी आली.

सर मिशनरी नव्हते. एका खाजगी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. थांबासर हे नाव शाळेतल्या मुलांनी पाडलेलं. कोणी घाईनं उत्तर दिलं की ते उजवा तळहात छातीपर्यंत वर आणत आणि म्हणत, "थांबा. उत्तर नको. आधी प्रश्न पूर्ण वाचा." शाळा सुटली तरी तळहात सुटला नाही. भाजीचा ठेला दाराशी यायचा आणि ठेलेवाला म्हणायचा, "बाबूजी, मेथी ले लो, ताजी है." सर तळहात वर करून मराठीतच म्हणायचे, "थांबा. मी मेथी विचारलीच नाही." त्याला मराठी येत नव्हती, पण तो थांबायचा.

त्यांची भाषा आमच्यापेक्षा निराळी. आम्ही पिढ्यान् पिढ्या इंदूरचे. आमचे पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून होते, त्याचा आम्हाला अजून अभिमान आहे. आमची मराठी मात्र केव्हाच हिंदीत विरघळून गेली. सर बोलायला लागले की कॉलनीतले आमचे दिघे म्हणत, "सर, तुम्ही बोललात ना, तो लगता है रेडिओ चालू झाला." भेटल्यावर सर 'सलाम' म्हणत, त्यांच्या लोकांत ती जुनी रीत आहे. मी 'नमस्कार' म्हणे. पुढं पुढं मी सलाम म्हणू लागलो आणि ते नमस्कार. कोणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं.

सकाळी फिरून आल्यावर कोपऱ्यावरच्या ठेल्यावर आम्ही पोहे खायचो. दिघ्यांचं राजवाड्यापाशी भांड्यांचं दुकान. माणूस दिलदार, पण कोणाला टोचल्याशिवाय त्यांचे पोहे पचत नसत. एकदा त्यांनी सरांना घेरलं.

"का हो सर, तुमच्यात बाप एक, बेटा एक, आणि तो पवित्र आत्मा एक. टोटल किती?"

"देव एक," सर म्हणाले.

"लो भिया! आणि हे पोरांना मॅथ्स शिकवतात. माझा नातू फेल का झाला ते आज कळलं."

सगळे हसले. सरही हसले. मग तळहात वर आला. "थांबा, दिघेजी. आपण मोजतो ते काय? पातेली. एक पातेलं इथं संपतं, म्हणून दुसरं तिथं सुरू होतं. देव कुठं संपतो ते तुम्ही सांगा, मग मी बेरीज करतो."

"याने की सवाल के ऊपर सवाल," दिघे म्हणाले. "राहू द्या. शेव घ्या अजून."

दिघ्यांचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही. त्याच हिवाळ्यात माझी बायको सुधा गेली होती. मुलगा परदेशात. घरात इतकी सामसूम की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. संध्याकाळ झाली की मी समोर सरांकडं जाऊन बसू लागलो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मीच त्या बाप-बेटा-आत्म्याचा विषय काढला. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्रपणे लिहितो, कारण पुढं सगळं याच्यावर येऊन ठेपलं: विषय मी काढला.

सरांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "वाद घालायचाय की विचारायचंय?"

"विचारायचंय."

"मग बसा. चहा ठेवतो."

मी वीज मंडळात नोकरी केलेला माणूस. मला वाटलं, एखादं चपखल उदाहरण सापडलं की गोष्ट मिटेल. मी म्हटलं, "पाणी, बर्फ, वाफ. तिन्ही एकच. असंच ना?"

"थांबा. बर्फ असतो तेव्हा तेच पाणी वाफ नसतं. म्हणजे एकटाच देव कधी बापाचा वेष घेतो, कधी पुत्राचा. मग पुत्र प्रार्थना करत होता ती कोणाला? स्वतःलाच?"

दुसऱ्या दिवशी मी वेगळं उदाहरण नेलं. "मी माझ्या मुलाचा बाप आहे, वडिलांचा मुलगा आहे, सुधाचा नवरा होतो. एकच मुळे."

"तेच झालं. तुम्ही तुमच्या वडिलांशी बोलू शकत होतात, मुळेजी. स्वतःशीच बोलायला लागलात तर मुलगा येऊन डॉक्टरकडं नेईल."

"मग एका दुकानाचे तीन भागीदार म्हणा."

"मग तीन देव झाले. दिघे खूश होतील." चहा गाळता गाळता ते म्हणाले, "दोन्ही बाजूंना खड्डा आहे. तिघांची सरमिसळ केलीत की या खड्ड्यात, तिघांना वेगळं तोडलंत की त्या खड्ड्यात. मधून चालायचं. आमचे जुने लोक यासाठी शतकानुशतकं भांडले."

माझ्यासारख्या माणसाला शेवटी दत्तच सुचणार. आमच्या कॉलनीत दत्ताचं देऊळ आहे, मी तिथल्या दत्त मंडळाचा सचिव. तीन शिरं, एक देह. मी लहानपणापासून बघत आलोय. मी अगदी सुटल्यासारखं म्हणालो, "सर, मग हे दत्तासारखंच की."

या वेळी तळहात लगेच वर आला नाही. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. तसं नाही. दत्ताबद्दल मी काही बोलणार नाही, मुळेजी. ते तुमचं दैवत आहे, त्याला माझ्या धड्यातलं उदाहरण करणं बरं नव्हे. आणि माझ्या देवालाही तुमच्या साच्यात घालू नका. दोन्हीकडं अपमान होतो. वेगळं आहे ते वेगळं राहू द्या. तेवढ्यानं आपलं काही बिघडत नाही."

मी जरा हिरमुसलो. "मग तुम्हाला काय कळलंय ते तरी सांगा."

"फार थोडं. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हा देव प्रेम कोणावर करत होता? तो एकटा असता तर प्रेम करायला त्याला आपली गरज पडली असती. पण बाप पुत्राशी बोलतोय, पुत्र ऐकतोय, दोघांमध्ये आत्मा आहे, आणि तिघांत कोणी मोठा नाही, धाकटा नाही. पहिल्यापासून. देवाच्या घरात कधीच सामसूम नव्हती, एवढं मला कळतं. बाकी पूर्ण कळलं म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा."

देवाच्या घरात कधीच सामसूम नव्हती. मी समोर माझ्या घराच्या बंद दाराकडं पाहिलं. मला रडू आलं. सर उठून स्वयंपाकघरात गेले आणि मला सावरेपर्यंत तिथंच भांडी हलवत राहिले.

त्यानंतर मी एकदा विचारलं, "रविवारी तुमच्याबरोबर चर्चमध्ये येऊ का? नुसतं बघायला."

"नको."

मला वाटलं ते आनंदतील. मी विचारलं, "का?"

"तुमचं दुःख ताजं आहे. दुःखात माणूस जो पहिला हात धरेल त्याच्यामागं जातो. असं कोणी माझ्या देवाकडं यावं हे मला नको. वर्षभर थांबा. तरी यावंसं वाटलं तर बोलू."

याला कॉलनीत 'गुंडाळणं' म्हणतात.

वर्ष भरायच्या आत दत्तजयंती आली. प्रसादाआधी सचिवानं चार शब्द बोलायची आमच्याकडं पद्धत आहे. इतकी वर्षं मी देणगीदारांचे आणि मांडववाल्याचे आभार मानून खाली बसायचो. त्या वर्षी मला काहीतरी भारी बोलावंसं वाटलं. मी त्रिमूर्तीवर बोललो, मग ख्रिस्ती लोकांच्या त्रैक्यावर आलो, लोक कान देऊन ऐकतायत असं दिसलं आणि मी म्हणालो, "आपले समोरचे सर स्वतः ख्रिस्ती आहेत. तेही म्हणतात, आमचं त्रैक्य आणि तुमचा दत्त एकच, नाव तेवढं वेगळं."

सर असं म्हणाले नव्हते. याच्या बरोबर उलट म्हणाले होते. ते वाक्य माझं होतं. पण माझं म्हणून सांगितलं असतं तर लोकांनी ते प्रसादाची वाट बघत ऐकून सोडून दिलं असतं. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी घातल्यावर त्याला वजन आलं. टाळ्या पडल्या. दिघ्यांनी कौतुकानं मोबाइलवर घेतलं होतं, ते त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

"मुळेजी, मी असं म्हणालो होतो का?"

"अहो, भावार्थ तोच ना."

"भावार्थ उलटा आहे."

"लोकांना आवडलं, सर. तुमच्याबद्दल आदर वाढला."

"लोकांना आवडलं म्हणून ते माझं होत नाही." आवाज चढला नव्हता. "उद्या माझेच लोक मला विचारतील, तू हे कधी म्हणालास? आणि तुमच्यातला कोणी विचारेल, आमच्या दत्ताला हा येशू का म्हणतो? गुरुवारी आरतीला सगळे असतात. तेव्हा एकच गोष्ट सांगा, की ते वाक्य तुमचं होतं. बाकी काही नको."

मी म्हणालो, "सांगतो." आणि खरोखर सांगणार होतो. गुरुवारी आरती झाली. एक वयस्क गृहस्थ येऊन म्हणाले, "मुळेजी, काय सुंदर बोललात त्या दिवशी." मी हात जोडले. तीर्थ घेतलं आणि घरी आलो. समोरच्या खिडकीत सर उभे होते. मी त्यांना हातानंच खूण केली, पुढच्या गुरुवारी.

पुढचा गुरुवार आलाच नाही. ग्रुपवरचं ते बोलणं बाहेर पसरलं होतं आणि पसरता पसरता त्याचं 'क्रिश्चन मास्टर दत्त भगवान को येशू बताकर लोगों को फँसाता है' असं झालं होतं. दुपारच्या वेळी बाहेरची दहा-बारा माणसं आली. त्यांच्यात आमच्या कॉलनीचा कोणी नव्हता. कॉलनी आपापल्या गच्चीत उभी होती. त्यांनी सरांना अंगणात बोलावलं. सर बनियनवर होते, शर्ट घालून येतो म्हणाले, तेवढंही थांबायला कोणी तयार नव्हतं. मी आवाज ऐकून फाटकापाशी गेलो.

गळ्यात गमछा घातलेला एकजण पुढं होता. "आपने ये बोला था कि नहीं?"

सरांनी मला पाहिलं. "ह्यांना विचारा," ते म्हणाले. "मी काय बोललो ते मुळेजींना माहीत आहे."

मला तेव्हाही कळलं होतं की ते मला वाट करून देतायत. त्या गर्दीत खरं सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो फाटकाची कडी धरून उभा होता.

तो माणूस माझ्याकडं वळला. अदबीनंच बोलला. "अंकलजी, डरो मत. आप तो मंदिर के आदमी हो. ये आपके पास आता था?"

मी म्हणालो, "पडोसी हैं. आना-जाना तो था."

"चर्च चलने की बात हुई थी?"

हो, झाली होती. मी केली होती, त्यांनी नको म्हटलं होतं. एवढे शब्द पुरले असते. माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं: देवळातली माझी खुर्ची, मुलाचा फोन, दत्त मंडळाचा सचिव चर्चला निघाला होता म्हणून गच्च्यांवर होणारी कुजबुज. मी म्हणालो, "बात तो निकली थी."

"बस," तो म्हणाला आणि सरांकडं वळला. "अब बोलो. अंकलजी झूठ बोल रहे हैं?"

सरांचा उजवा हात थोडा उचलला गेला. मला वाटलं, आता तळहात वर येणार, आता ते 'थांबा' म्हणणार आणि सगळं सांगणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, त्या गर्दीकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. मग हात खाली गेला.

"नाही," ते म्हणाले. "मुळेजी झूठ नहीं बोलते."

त्यानंतर कोणीतरी त्यांना मानेला धरून ढकललं. चष्मा पडला, त्याच्यावर पाय पडला. पोलिसांची गाडी आली आणि ते बनियनवरच तिच्यात बसले. संध्याकाळी सोडलं. गुन्हा काही नोंदवला नाही, ताकीद दिली. धर्मांतराचा कायदा कडक आहे, या वयात कशाला भानगड, असं म्हणाले म्हणे. घरमालकानं महिनाअखेर खोल्या रिकाम्या मागितल्या. शिकवणीला येणारी मुलं दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. त्यांच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की काही दिवस येऊ नका, आमच्यावर नजर आहे. हे सगळं मला दिघ्यांकडून कळलं. दिघे पोह्यांच्या ठेल्यावर नुसते बसून होते. "यार मुळेजी," ते म्हणाले, "मी ते मोबाइलवर घ्यायलाच नको होतं." स्वतः काही केलं नसताना त्या माणसाला झोप लागत नव्हती. ते वाक्य माझं होतं हे त्यालाही मी सांगितलं नाही.

सर इंदूरजवळच्या बेटम्याला त्यांच्या पुतणीकडं, रूथकडं गेले. निघाले त्या दिवशी टेम्पोत बसण्याआधी त्यांनी माझ्या घराकडं पाहून 'नमस्कार' असे हात जोडले. मी पडद्याआड होतो.

मी तीन ऋतू उलटू दिले आणि मग एकदा बसनं बेटम्याला गेलो. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. रूथ तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं दार उघडलं, माझं नाव ऐकलं आणि क्षणभर दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "या. काकांना झटका येऊन गेलाय. ऐकू येतं, कळतं सगळं. बोलता येत नाही."

सर खाटेवर होते. डावी बाजू गेलेली, तोंड एका अंगाला ओढलेलं. मला पाहून डोळे उजळले. मी सलाम म्हणालो. रूथ पाणी ठेवून आत गेली. मला मोकळं बोलता यावं म्हणूनच गेली असावी.

"सर," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

त्यांचा उजवा हात चादरीवरून हळूहळू वर आला. तळहात छातीपर्यंत.

मी थांबलो. मला वाटलं, ते म्हणतायत, राहू द्या, बोलू नका, मी केव्हाच सोडून दिलं. मला तोच अर्थ हवा होता. मी त्यांचा हात हातात घेतला, पायांवरची चादर सारखी केली, चहा प्यायलो, इंदूरच्या गर्दीबद्दल काहीबाही बोललो आणि परतीची बस पकडली. बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की मी शेजारच्या माणसाला शेंगदाणे दिले.

त्यानंतर मी गेलो नाही. पावसाळ्यात रूथचा फोन आला की काका गेले, मातीही झाली. मी विचारलं, "शेवटी काही..." ती म्हणाली, "तुम्ही आला होतात ना, त्यानंतर बरेच दिवस दार वाजलं की हात वर करायचे. आम्हाला कळायचं नाही काय हवंय."

मला कळलं. आयुष्यभर त्या तळहाताचा अर्थ 'गप्प बसा' असा कधीच नव्हता. घाई नको, अर्धवट नको, पूर्ण बोला, एवढाच होता. मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं आणि त्या दिवशी मला सोयीचं तेवढं वाचून आलो.

त्रैक्य मला समजलं का? नाही. पण एकाची दुसऱ्यात सरमिसळ करू नका, असं जे ते देवाबद्दल इतक्या काळजीनं सांगायचे, ते मी माणसांच्या बोलण्याबाबतही पाळलं नाही. आणि अंगणात ते माझ्यासाठी खोटं बोलले, ते खोटंही माझ्याच नावावर जमा आहे. त्यांना तेव्हा काय वाटत होतं हे विचारायला आता कोणी नाही.

हे मी दत्त मंडळाच्या वार्षिक अंकाला देतोय. छापलं नाही तर गुरुवारी आरतीनंतर उभा राहून वाचेन, आणि आधी समोरच्या त्या नव्या बाईंना जाऊन सांगेन. पण ज्याला सांगायचं होतं तो खाटेवर हात वर करून वाट बघत होता, तेव्हा मी चादर सारखी करत बसलो. बेटम्याच्या बसमध्ये पाठ केलेलं वाक्य मला अजून येतं. सर, ते वाक्य माझं होतं, विचारलं मी होतं, यायचं मी म्हणालो होतो आणि तुम्ही नको म्हणाला होतात. हे मला फाटकापाशी माहीत होतं आणि मी बोललो नाही, मला माफ करा.